आकाशगंगेचे चुंबकत्व आणि स्पंदतारे



होकायंत्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची सुई उत्तरेकडे का वळते, हे शाळेतला मुलगाही सांगेल. पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे आणि त्याच्या क्षेत्रात सुई आपली जागा धरते. आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत तो प्रश्न या सुईविषयीचाच आहे. फक्त जागा निराळी आहे. समजा, ही सुई पृथ्वी सोडून, सूर्यमाला सोडून, दोन ताऱ्यांच्या मधल्या विस्तीर्ण पोकळीत नेऊन टांगली. तेथे ती कोणती तरी दिशा धरील, की वावटळीतल्या पानासारखी कशीही गरगरत राहील? आणि दिशा धरीत असेल, तर तिला वळविणारे चुंबकत्व किती जोराचे, आणि ते आले कोठून?

कोणी म्हणेल, तेथे जाता येत नाही, सुई टांगता येत नाही; मग ही चर्चा कशाला? तथापि या प्रश्नाची बरीचशी उत्तरे आज मिळाली आहेत आणि ती देणारा मुख्य साक्षीदार १९६७ सालापर्यंत कोणाच्या ओळखीचाही नव्हता. त्याचे नाव स्पंदतारा. शास्त्रज्ञ त्याला पल्सार म्हणतात. त्याची साक्ष कशी घ्यावयाची, ती कितपत ग्राह्य मानावयाची आणि तिच्यावरून काय निष्पन्न होते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

अवकाशात चुंबकत्व असावे हा तर्क स्पंदताऱ्यांहून जुना आहे. १९४९ साली हिल्टनर आणि हॉल या दोन अमेरिकन ज्योतिर्विदांना असे आढळून आले की, कित्येक दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश ध्रुवित होऊन आपल्यापर्यंत येतो. 'ध्रुवित' या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरे टोक हाताने हलवावे. हात वरखाली केला तर दोरीत उभ्या लाटा उठतात, डावीउजवीकडे केला तर आडव्या. प्रकाश हीही लहरच. सामान्य प्रकाशात सर्व पातळ्यांतल्या लहरी मिसळलेल्या असतात. एकाच पातळीतल्या लहरी वरचढ झाल्या की तो प्रकाश ध्रुवित झाला असे म्हणतात, आणि त्या पातळीला ध्रुवणप्रतल हे नाव आहे. ताऱ्यांच्या मध्ये जी बारीक धूळ पसरली आहे तिचे कण लांबट असून ते एका रोखाने उभे असावेत, म्हणून प्रकाश असा चाळला जातो, हा त्याचा उलगडा. आणि कोट्यवधी कणांना एका रोखाने उभे करणारे चुंबकत्वावाचून दुसरे काय असणार?

त्याच वर्षी एन्रिको फर्मी याने विश्वकिरणांच्या उत्पत्तीचा विचार करताना अवकाशातील चुंबकीय क्षेत्रे गृहीत धरली. पुढे १९५३ साली फर्मी आणि आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या दोघांनी मिळून, प्रकाशाच्या ध्रुवणाचा रोख ठिकठिकाणी कितपत डळमळतो यावरून त्या क्षेत्राचा जोर काढला. तो एका गॉसच्या काही दशलक्षांशांइतका भरला. गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे माप. आपल्या महाराष्ट्रात पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ०.४ गॉस आहे. म्हणजे अवकाशातील क्षेत्र आपल्या होकायंत्राला वळविणाऱ्या क्षेत्राच्या लाखाव्या हिश्श्याइतके, किंवा त्याहूनही दुबळे.

या पुराव्यात मात्र एक उणीव होती. धूळ रोख सांगते, बाण सांगत नाही. रस्ता पूर्वपश्चिम आहे एवढे तिच्यावरून कळते; त्यावरची वाहतूक पूर्वेकडे चालली आहे की पश्चिमेकडे, हे कळत नाही. चुंबकीय क्षेत्राला तर दिशा असते. तिच्यावाचून त्याची कथा अर्धीच राहते.

ही उणीव भरून काढणारी युक्ती त्याच्याही शंभर वर्षे आधी लंडनमध्ये सापडलेली होती. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी केलेला. १८४५ साली त्याने स्वतःच पूर्वी तयार केलेल्या शिसेमिश्रित जड काचेचा एक तुकडा घेतला, तो प्रबळ विद्युतचुंबकाजवळ ठेवला आणि त्यातून ध्रुवित प्रकाश सोडला. काचेतून बाहेर पडताना त्या प्रकाशाचे ध्रुवणप्रतल थोडेसे वळलेले त्याला दिसले. चुंबकाचा प्रवाह उलटा केला, की वळणही उलटे! प्रकाशाचा आणि चुंबकत्वाचा संबंध आहे, हे प्रयोगाने प्रथम सिद्ध झाले ते असे. या आविष्काराला आम्ही येथे 'फॅरडेचे वळण' म्हणू.

आता काचेच्या जागी ताऱ्यांमधली पोकळी घ्या. तिला आपण पोकळी म्हणतो खरे, पण ती अगदीच रिकामी नाही. तेथे विरळ वायू आहे आणि त्यातल्या काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झालेले आहेत. तीस-चाळीस घनसेंटिमीटर जागेत सरासरी एखादा सुटा इलेक्ट्रॉन, इतके ते विरळ. पण अंतर हजारो प्रकाशवर्षांचे असले, की विरळाचेही पुष्कळ होते. या इलेक्ट्रॉनांतून, चुंबकीय क्षेत्राच्या रोखाने, ध्रुवित रेडिओ-लहर गेली की तिचेही प्रतल वळते. क्षेत्र आपल्या दिशेने येत असेल तर एका बाजूला, आपल्यापासून दूर जात असेल तर दुसऱ्या बाजूला. म्हणजे बाण सापडला. फक्त दूर कोठे तरी ध्रुवित रेडिओ-लहरींचा एक चांगला दिवा हवा.

हा दिवा १९६७ साली मिळाला, आणि तो शोधावयास कोणी निघालेही नव्हते. केंब्रिजजवळ अँटनी ह्यूविश यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे साडेचार एकरांच्या मोकळ्या जागेत खांब, तारा आणि २,०४८ द्विध्रुव मिळून एक रेडिओ-दुर्बीण उभारण्यात आली होती. जॉसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी ती उभारण्यात स्वतः राबली होती, आणि दुर्बिणीतून दररोज निघणाऱ्या सुमारे शंभर फूट कागदी पट्टीवरच्या रेघा डोळ्यांनी तपासण्याचे कामही तिच्याकडे होते. त्या रेघांत जेमतेम पाव इंच जागा व्यापणारी एक खरखरीत खूण तिला खटकली. ती ताऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे रोज त्याच जागी येत होती. नोव्हेंबर १९६७ मध्ये पट्टीचा वेग वाढवून पाहिले, तेव्हा त्या खुणेचे सुटे ठोके झाले. दर १.३३ सेकंदांनी एक ठोका, आणि त्यात कमालीचा नियमितपणा. जंबुक नावाच्या तारकासमूहातला हा पहिला स्पंदतारा. १९७४ सालचे नोबेल पारितोषिक ह्यूविश यांना मार्टिन राइल यांच्यासमवेत मिळाले. बेल यांचे नाव त्यात नव्हते. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. २०१८ साली त्यांना दुसरे एक तीस लक्ष डॉलरांचे पारितोषिक मिळाले, तेव्हा ती सर्व रक्कम त्यांनी ज्यांना संशोधनाची संधी सहजी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली.

हा ठोके देणारा पदार्थ म्हणजे न्यूट्रॉन तारा. मोठा तारा आयुष्याच्या अखेरीस स्फोट पावतो, तेव्हा त्याचा गाभा चेपून वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा गोळा उरतो. त्यात सूर्याहून अधिक द्रव्य कोंबलेले असते. तो वेगाने स्वतःभोवती फिरतो आणि दीपस्तंभाच्या झोतासारखा त्याचा रेडिओ-झोत फिरता फिरता आपल्यावरून जातो. तो प्रत्येक झोत आपल्याला एक ठोका म्हणून मिळतो. हा झोत बहुधा चांगलाच ध्रुवित असतो, हे १९६८ सालीच लक्षात आले. फॅरडेच्या वळणासाठी हवा होता तोच हा दिवा.

पण थांबा. ध्रुवित रेडिओ-लहरी देणारे दुसरेही उगम आकाशात आहेत. मग स्पंदताऱ्याचेच एवढे माहात्म्य का? आमच्या मते आजच्या विषयाचे सारे मर्म याच ठिकाणी आहे, म्हणून थोडे सावकाश सांगतो.

फॅरडेचे वळण दोन गोष्टींवर अवलंबून असते. वाटेत इलेक्ट्रॉन किती आणि क्षेत्र किती. वळण पुष्कळ मिळाले, तर क्षेत्र प्रबळ म्हणून मिळाले, की इलेक्ट्रॉन पुष्कळ म्हणून, हे नुसत्या वळणावरून सांगता येत नाही. बाजारातून पिशवी आली आणि 'एकूण इतके रुपये झाले' एवढेच कळले, तर भाव कळत नाही; त्यासाठी वजनही ठाऊक असावे लागते. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी आपल्याला नुसते रुपये सांगतात. स्पंदतारा रुपये सांगतो आणि वजनही सांगतो.

वजन तो सांगतो आपल्या ठोक्यांनी. सुट्या इलेक्ट्रॉनांतून जाताना मोठ्या लांबीच्या रेडिओ-लहरी आखूड लहरींपेक्षा किंचित मागे पडतात. अखंड पेटलेल्या दिव्याच्या बाबतीत हे समजणारच नाही; पण ठोक्याच्या बाबतीत समजते. एकाच क्षणी निघालेला ठोका आखूड लहरींवर आधी आणि लांब लहरींवर नंतर येऊन पोहोचतो. पंढरीच्या वाटेवर एकाच वेळी निघालेल्या दिंडीतली तरुण मंडळी पुढे आणि वृद्ध मागे, तसे. मागे पडण्याचा हा काळ मोजला, की वाटेत एकूण इलेक्ट्रॉन किती लागले, त्यांची बेरीज मिळते. वळणावरून इलेक्ट्रॉन आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराची बेरीज मिळते. दुसरीला पहिलीने भागले, की वाटेवरच्या क्षेत्राची सरासरी हाती येते. एकाच लहरीने, एकाच वाटेने, एकाच वेळी आणलेले दोन हिशेब. म्हणून त्यांचा भागाकार विश्वसनीय.

एक उदाहरण घेऊ. उत्तर आकाशात करभ नावाच्या समूहात एक तेजस्वी स्पंदतारा आहे. तो ०.७१ सेकंदाला एक ठोका देतो आणि आपल्यापासून काही हजार प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा ३०० मेगाहर्ट्झ कंप्रतेवरचा ठोका ६०० मेगाहर्ट्झवरच्या ठोक्यापेक्षा सुमारे नऊ-दशांश सेकंद उशिरा येतो. हा झाला उशीर. आता वळण पाहा. त्याच्या एक मीटर लांबीच्या लहरीचे प्रतल वाटेत दहा पूर्ण वेढे घेते. वीस सेंटिमीटरच्या लहरीचे मात्र अर्धा वेढाही पुरा होत नाही, कारण वळण तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दोहोंचा हिशेब केला की वाटेवरचे सरासरी क्षेत्र सुमारे तीन दशलक्षांश गॉस निघते, आणि वळणाचे चिन्ह सांगते की ते आपल्यापासून दूर जाणारे आहे.

आता साधारण उलट बाजूला, दक्षिण आकाशात, अगस्तीच्या पूर्वेस जुन्या नौकेच्या शिडात असलेला स्पंदतारा घ्या. तो सेकंदाला अकरा ठोके देतो आणि सुमारे एक हजार प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या वळणाचे चिन्ह उलटे आहे. म्हणजे तेथले क्षेत्र आपल्याकडे येणारे आहे. एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने जाते, यावरून काय समजावे? नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाच्या डावीकडून पाणी येते आणि उजवीकडे जाते, तेव्हा तो म्हणतो की प्रवाह आहे. आपणही तेच म्हणतो.

दोन साक्षीदारांवर निकाल देणे बरे नव्हे. १९७४ साली रिचर्ड मँचेस्टर यांनी पुष्कळ स्पंदताऱ्यांचे वळण एकत्र मांडले, तेव्हा सूर्याच्या आसपासचे क्षेत्र सुमारे दोन दशलक्षांश गॉस असून ते साधारणतः हंस तारकासमूहाकडे जाते, असे दिसले. सूर्य आपल्या सर्व परिवारासह आकाशगंगेच्या मध्याभोवती सुमारे तेवीस कोटी वर्षांत एक फेरी करतो. तोही जवळपास त्याच दिशेने चालला आहे. तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळाले. ती टांगलेली सुई सूर्याच्या वाटेकडे तोंड करून उभी राहील.

हे झाले आपल्या आळीपुरते. आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लक्ष प्रकाशवर्षे आणि आपण तिच्या मध्यापासून सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षांवर. पुढच्या आळ्यांत काय आहे? येथे स्पंदताऱ्यांचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. ते आकाशगंगेच्या आतच निरनिराळ्या अंतरांवर विखुरलेले आहेत. एकाच दिशेला एक जवळचा आणि एक दूरचा असे दोन स्पंदतारे मिळाले, तर दूरच्याच्या हिशेबातून जवळच्याचा वजा करावा. मधल्या टापूतले क्षेत्र उरते. दोन मैलांच्या दगडांवरून मधला रस्ता मोजावा, तसे हे काम आहे. १९८० च्या सुमारास असे वजाबाकीचे हिशेब मांडल्यावर एक नवल दिसले. सूर्यापासून आकाशगंगेच्या मध्याकडे थोडे आत गेले की, धनू राशीकडच्या पुढच्या बाहूत, क्षेत्राची दिशा उलटते. आपल्या रस्त्यावरची वाहतूक एकीकडे, तर पलीकडच्या रस्त्यावरची अगदी उलट!

१९८९ साली रिचर्ड रँड आणि श्रीनिवास कुलकर्णी यांनी १८५ स्पंदताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुलकर्णी यांचा जन्म कुरुंदवाडचा, शिक्षण पुढे हुबळीचे. सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा पहिला अतिवेगवान स्पंदतारा १९८२ साली ज्यांनी शोधला, त्यांत ते होते. या अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली. शिस्तीने वाहणारे क्षेत्र सुमारे दीड दशलक्षांश गॉस, पण त्याच्या अंगावर वेडेवाकडे भोवरे आहेत आणि त्यांचा जोर सुमारे पाच दशलक्षांश गॉस. म्हणजे प्रवाहापेक्षा भोवरे मोठे. एकेक भोवरा दीडशे-पावणेदोनशे प्रकाशवर्षांचा. म्हणूनच दोन-चार स्पंदताऱ्यांवरून नकाशा काढता येत नाही. शेकडो हवेत, म्हणजे भोवरे एकमेकांना खोडून टाकतात आणि खालचा प्रवाह दिसतो.

आज साडेतीन हजारांहून अधिक स्पंदतारे ठाऊक आहेत आणि हजाराहून अधिकांचे वळण मोजले गेले आहे. यात चीनचे हान जिनलिन आणि त्यांचे सहकारी यांचे काम मोठे आहे. त्यांच्या मांडणीप्रमाणे आकाशगंगेत क्षेत्राची दिशा एकदाच उलटत नाही. बाहूत एक आणि दोन बाहूंच्या मधल्या जागेत दुसरी, अशी ती आत जाताना पुनःपुन्हा उलटते. उलट, दुसऱ्या काही अभ्यासकांचे म्हणणे असे की एकच उलटापालट मानली तरी सर्व मापे समजावता येतात. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि आमच्या दृष्टीने या विषयातली खरी रंगत येथेच आहे. कारण बाहेरच्या सर्पिल दीर्घिका आपण दुरून, संपूर्ण पाहू शकतो. त्यांत अशी उलटापालट ठळकपणे आढळत नाही. मग आपली आकाशगंगाच जगावेगळी आहे काय? की आपण घराच्या आत उभे असल्यामुळे खांबाजवळच्या भोवऱ्याला घराचा आराखडा समजत आहो? ज्याला घर बाहेरून पाहता येत नाही, त्याने प्रत्येक कोपऱ्यात दिवे लावून आतूनच मोजमाप करावे, हाच एक मार्ग उरतो. अधिक दूरचे, अधिक संख्येने स्पंदतारे शोधणे म्हणजे हे दिवे लावणे होय.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फॅरडेचे वळण फक्त आपल्या दृष्टिरेषेच्या रोखातलेच क्षेत्र दाखविते. आडवे जाणारे क्षेत्र त्याला दिसत नाही. वाटेत अर्ध्या टापूत क्षेत्र येणारे आणि अर्ध्यात जाणारे असेल, तर दोन्ही एकमेकांना खातात आणि हिशेब शून्यावर येतो. शून्य आले म्हणून तेथे काही नाही असे म्हणता येत नाही. स्पंदताऱ्याचे अंतर चुकले, तर नकाशावरची जागा चुकते. शिवाय आपल्याच डोक्यावर आयनांबर आहे. तेथेही सुटे इलेक्ट्रॉन आहेत आणि पृथ्वीचे क्षेत्र आहे. लहर अगदी दारात आल्यावर तेथे थोडी वळतेच. हे वळण दिवसा अधिक, रात्री कमी. ते वजा केल्यावाचून आकाशगंगेचा हिशेब पुरा होत नाही. कोणी विचारील की स्पंदतारा स्वतःच एवढा प्रचंड चुंबक, सामान्यतः लक्ष कोटी गॉसचा, तो आपल्याच दिव्याचे प्रतल वळवून साक्ष बिघडवीत नाही काय? सुदैवाने त्याच्या परिसरात इलेक्ट्रॉनांबरोबर त्यांचे धन विद्युत्भाराचे भाऊ पॉझिट्रॉनही असतात. एकाचे वळण दुसरा उलटवितो आणि बाकी फारशी काही राहत नाही.

अशा अडचणींतूनच पुष्कळदा युक्ती सुचते. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली आणि १९७० सालापासून काम करणारी उटीची रेडिओ-दुर्बीण आपण पाहिली असेल. डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा तिचा पसारा. तिचे सर्व द्विध्रुव एकाच रोखात मांडलेले आहेत, त्यामुळे तिला एकाच पातळीतली लहर ऐकू येते. ही उणीव खरी. पण स्पंदताऱ्याचे प्रतल कंप्रतेगणिक वळत असल्यामुळे, अशा दुर्बिणीत तो एका कंप्रतेवर स्पष्ट, जरा पुढच्या कंप्रतेवर मंद, पुन्हा स्पष्ट, असा पट्ट्यापट्ट्यांनी उमटतो. त्या पट्ट्यांमधले अंतर मोजले की वळण मिळते.

या मापनाचा एक परमोच्च प्रसंग २०१३ सालचा आहे. आकाशगंगेच्या अगदी मध्याशी, तेथल्या महाकाय कृष्णविवराच्या निकट, ३.७६ सेकंदांना एक ठोका देणारा स्पंदतारा एकाएकी प्रकट झाला. त्याचे वळण करभातल्या त्या स्पंदताऱ्याच्या सुमारे एक हजार पट भरले. त्यावरून कृष्णविवराच्या परिसरातील क्षेत्र निदान काही सहस्रांश गॉस, म्हणजे आपल्या आसपासच्या क्षेत्राच्या हजारो पट असले पाहिजे, असे ठरले. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू त्याच्यात पडतो कसा आणि अडतो कसा, हे ठरविण्यात एवढ्या क्षेत्राचा मोठा वाटा असणार.

आता शेवटचा आणि रास्त प्रश्न. दशलक्षांश गॉसच्या या कथेचे आपल्याला काय?

क्षेत्र दुबळे असले तरी त्याचा पसारा अफाट आहे. ताऱ्यांमधल्या वायूच्या खळबळीत जेवढी ऊर्जा आहे, विश्वकिरणांत जेवढी आहे, साधारण तेवढीच या क्षेत्रातही आहे. वायूचे ढग आपल्याच वजनाने खचून त्यांचे तारे बनतात, तेव्हा हे क्षेत्र त्यांना मागे ओढते. तारे सावकाश जन्मतात याचे ते एक कारण. विश्वकिरणांचे कण या क्षेत्राच्या रेषांत गुंतून आकाशगंगेत लक्षावधी वर्षे घोटाळत राहतात. आणि हे क्षेत्र आले कोठून, हे कळणे म्हणजे आकाशगंगेच्या पूर्वचरित्राचे एक पान वाचणे आहे. आकाशगंगेच्या फिरण्याने आणि वायूच्या घुसळणीने क्षीण बीजातून हे क्षेत्र वाढले असावे असे बहुतेकांचे मत आहे. पण ते कशा रीतीने वाढले, याची कसोटी त्या उलटापालटीच्या नकाशावरच लागणार आहे.

पोटापाण्याचा प्रश्न यातून सुटत नाही, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. पण या ज्ञानासाठी समाजाला द्यावी लागणारी किंमत केवळ पैशांची नाही, ती शांततेचीही आहे, आणि हा व्यवहार आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावाजवळ खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्या कानावर येणारे आवाज किती क्षीण असतात? चंद्रावर कोणी एक साधा मोबाइल फोन चालू ठेवला, तर तो आकाशातल्या बहुतेक सर्व रेडिओ-उगमांहून प्रखर ठरेल. मग गावागावांतले फोन, मनोरे, यंत्रे यांची काय कथा! पुणे-नाशिक रेल्वेची आखणी झाली ती याच परिसरातून, आणि तिने दुर्बिणीच्या कामास बाध येईल म्हणून मार्ग बदलण्याचा प्रश्न २०२४ साली उभा राहिला. रेल्वे हवी असणारे शेतकरी आणि व्यापारी चुकीचे नाहीत. शांतता मागणारे शास्त्रज्ञही चुकीचे नाहीत.

असा प्रसंग महाराष्ट्रात प्रथमच आलेला नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद करणारी वेधशाळा एके काळी मुंबईस कुलाब्याला होती. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया हलणार, हे ओळखून १९०४ साली ते काम अलिबागेस नेण्यात आले. मुंबईला ट्राम मिळाली आणि नोंदींची परंपराही तुटली नाही. अगोदर विचार केला म्हणून दोन्ही साधले. सुयांची ती उपकरणे होडीतून पलीकडच्या तीरावर नेता आली. पंचवीस किलोमीटरांत पसरलेल्या तीस तबकड्या मात्र उचलून नेता येणार नाहीत. म्हणून येथे विचार अधिक अगोदर, आणि नागरिकांनी मिळून केला पाहिजे. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत एक विशाल रेडिओ-दुर्बीण उभी राहत आहे, आणि तिच्यात सहभागी होण्यासाठी भारत सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केल्याचे २०२४ च्या आरंभी जाहीर झाले. तिच्यामुळे स्पंदताऱ्यांची संख्या अनेक पटींनी वाढेल अशी अपेक्षा आहे. दूरदेशीच्या निर्जन प्रदेशातली शांतता आपण एवढे द्रव्य देऊन विकत घेतो, तर जुन्नरच्या डोंगरांनी आपल्याला फुकट दिलेली शांतता राखण्याची थोडी तसदी घेण्यास हरकत नसावी.

करभातल्या त्या स्पंदताऱ्याचा ठोका शिवरायांच्या कितीतरी आधी निघालेला आहे. वाटेतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा आणि प्रत्येक चुंबकरेषेचा हिशेब सोबत घेऊन तो आज रात्री आपल्या डोक्यावर येऊन पोहोचेल. तो वाचण्याची विद्या आपल्याजवळ आहे, साधनेही आहेत. ऐकण्यापुरती शांतता आपण राखावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.